सांगायचे कोणते, झाकायचे कोणते?

'पिन' हा शब्द आपल्या घरात दोन वाटांनी आला. एक टपालाच्या वाटेने. नगरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन 414001. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने 15 ऑगस्ट 1972 रोजी ही सहा आकड्यांची पद्धत देशात सुरू झाली. हा पिन आपण शादीच्या पत्रिकेवर छापतो, दुकानाच्या पाटीवर रंगवतो. तो जितक्यांना ठाऊक तितके बरे, पत्र लवकर पोचते. दुसरा पिन बँकेच्या वाटेने आला, एटीएमचा आणि यूपीआयचा. तो सख्ख्या भावालाही सांगायचा नसतो. उच्चार एकच, पण एक पिन जगजाहीर करायचा आणि दुसरा काळजात ठेवायचा.

पैशांच्या व्यवहारातले निम्मे घोटाळे अशाच शब्दांच्या गोंधळातून होतात, असे आम्हाला वाटते. सकाळी बँकेच्या खिडकीशी आपल्याला सांगतात, "तुमची केवायसी बाकी आहे." आपण मान हलवतो आणि घरी येतो. केवायसी म्हणजे नेमके काय, हे विचारायला संकोच वाटतो, मागे रांग असते. दुपारी कोणाचा तरी फोन येतो, "मॅडम, तुमची केवायसी बाकी आहे, खाते बंद होईल." सकाळी बँकेत ऐकलेलाच शब्द असतो, म्हणून माणूसही बँकेचाच वाटतो. खरे तर त्या माणसाला आपल्याबद्दल काहीच ठाऊक नसते. त्याला फक्त तो शब्द ठाऊक असतो आणि आपल्याला त्याचा अर्थ ठाऊक नसतो.

परके शब्द पचवणे आपल्याला नवे नाही. जमा, बाकी, कर्ज, वसूल, रक्कम, जामीन, मुदत, हप्ता, अर्ज, मंजूर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. मलिक अहमद निजामशहाने 1490 मध्ये आपले राज्य उभे केले आणि 1494 मध्ये हे शहर वसवायला घेतले. त्या काळापासून दरबाराची फारसी आणि गावच्या चावडीची मराठी इथे शेजारी शेजारी नांदल्या. आज शाळेची पायरी न चढलेल्या दादीलाही कर्ज आणि जामीन यांतला फरक कळतो. कर्ज म्हणजे आपण घेतलेले, जामीन म्हणजे दुसऱ्याने घेतलेल्याची जबाबदारी. पिढ्यान्पिढ्या वापरून हे शब्द घरचे झाले. ओटीपी, आयएफएससी, आधार सीडिंग हे शब्द अजून घरचे झालेले नाहीत, एवढेच. म्हणून या महिन्यात आम्ही त्यांचे तीन ढीग करणार आहोत: पत्ता, ओळख आणि किल्ली. कोणता शब्द कोणत्या ढिगात पडतो हे कळले, की कोणते सांगायचे आणि कोणते झाकायचे हेही कळते.

पहिला ढीग : पत्ता

खाते क्रमांक, आयएफएससी, यूपीआय आयडी, दुकानातला क्यूआर कोड हे सगळे पैशांचे पत्ते आहेत. पत्ता सांगितल्याशिवाय पैसा येणार नाही, म्हणून हे सांगावे लागतात. नुसत्या पत्त्यावर कोणी पैसे काढू शकत नाही.

आयएफएससी हा बँकेच्या शाखेचा पत्ता. तो अकरा खुणांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचव्या जागी नेहमी शून्य, शेवटच्या सहा खुणा शाखेच्या. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' लिहिला की फॉर्म परत येतो. ही चूक आपल्याकडे फार होते, मुलांना आवर्जून सांगा. चेकच्या खालच्या पट्टीवर नऊ आकड्यांचा एमआयसीआर असतो. त्यातले पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे.

2024 मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पण 414001 तेच राहिले, गाड्यांवरचे एमएच 16 तेच राहिले, श्रीरामपूरचे एमएच 17 तेच राहिले आणि बँकांचे आयएफएससीही या नावापायी बदलत नाहीत. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. नाव माणसांसाठी असते, सांकेतिक क्रमांक यंत्रासाठी असतो. नाव बदलले तरी यंत्राचे काम अडू नये म्हणून तर क्रमांक दिलेला असतो. यालाच डेटाचे मानक म्हणतात: एक गोष्ट सगळ्यांनी एकाच ठरलेल्या पद्धतीने लिहायची. तेव्हा "जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून तुमचे खाते अपडेट करायचे आहे, आलेला नंबर सांगा" असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली तर आयएफएससी बदलू शकतो. पण ते आपण स्वतः शाखेत जाऊन विचारायचे.

आखातात नोकरीला असलेल्या मुलाचा फोन येतो, "अम्मी, तुमचा आयबॅन पाठवा." घरात धावपळ होते, पासबुक उलटेपालटे होते, आयबॅन कुठेच सापडत नाही. तो सापडणार नाही, कारण भारतातल्या बँका आयबॅन वापरत नाहीत. सौदी अरबचा आयबॅन 24 खुणांचा, अमिरातीचा 23 खुणांचा. आपल्याकडून मात्र खाते क्रमांक, आयएफएससी आणि बँकेचा स्विफ्ट कोड पाठवायचा. स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा खुणांचा असतो आणि त्यातली पाचवी-सहावी अक्षरे 'आय' आणि 'एन', म्हणजे इंडिया.

पत्त्याच्या ढिगात एकच काळजी घ्यावी. भारतात पैसा खाते क्रमांक पाहून जमा होतो, नाव पाहून नाही. एक आकडा चुकला तर रक्कम परक्या घरी जाऊ शकते. म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की 1 एप्रिल 2025 पर्यंत एनईएफटी आणि आरटीजीएससाठी समोरच्या खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय करावी. यूपीआयमध्ये तर नाव दिसतेच. ते वाचल्याशिवाय बोट पुढे नेऊ नये. दुकानातल्या क्यूआरवर दुसरा कागद चिकटवणारेही असतात. नाव वाचले तर तेही उघडे पडतात.

दुसरा ढीग : ओळख

आधार, पॅन, केवायसी हे ओळखीचे शब्द. केवायसी म्हणजे बँकेने आपल्या गिऱ्हाइकाला ओळखून घेणे. ही ओळख आपण देतो, पण ज्याला गरज आहे त्यालाच आणि गरजेपुरतीच.

आधारचे आकडे बारा. त्यातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो. आधीच्या अकरा आकड्यांवरून एका गणिताने तो काढलेला असतो. लिहिताना एखादा आकडा चुकला, की गणित जुळत नाही आणि यंत्राला चूक लगेच कळते. ओळखीसाठी प्रत द्यायची असेल तर 'मास्क्ड आधार' उतरवून घेता येते. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार उघडे असतात. पुष्कळ ठिकाणी तेवढे पुरते.

या ढिगात आपल्या घरांचे खरे दुखणे दडले आहे. ते म्हणजे नाव. 'शेख' हे नाव मराठीत लिहायला एकच रीत. संगणकाच्या युनिकोड या मानकात 'श'चा क्रमांक 0936, एकार-मात्रेचा 0947 आणि 'ख'चा 0916 ठरलेला आहे. जगातल्या कोणत्याही संगणकावर हे क्रमांक तेच. पण इंग्रजीत गेलो की गोंधळ सुरू होतो. शाळेच्या दाखल्यावर एस-एच-ए-आय-के-एच, रेशन कार्डावर एस-एच-ई-आय-के-एच, बँकेत शेवटचा एच गळालेला. 'सय्यद'च्या तऱ्हा तर मोजता येत नाहीत. 'झाकीर' कुठे झेडने सुरू होतो, कुठे जे-ने. 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण असतो, दुसऱ्यावर 'मोहद', तिसऱ्यावर नुसता 'एमडी'. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. माणसाला हे सगळे एकच नाव दिसते. यंत्राला ही वेगवेगळी माणसे दिसतात आणि पडद्यावर उत्तर येते: नाव जुळत नाही.

दुसरा गोंधळ क्रमाचा. आपल्याकडे 'शेख रफिक युसुफ' असे आडनाव आधी सांगायची सवय आहे. फॉर्मवर मात्र तीन चौकटी असतात: स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव. भरणाऱ्याने ऐकले त्या क्रमाने लिहिले तर 'शेख' हे मुलाचे नाव ठरते आणि 'युसुफ' हे आडनाव. पॅनच्या दहा खुणांत चौथे अक्षर व्यक्तीसाठी 'पी' असते आणि पाचवे अक्षर आडनावाचे पहिले अक्षर असते. आपले पॅन काढून पाचवे अक्षर पाहा. घरातल्या शेखांच्या पॅनवर 'एस' नसेल, तर बहुधा क्रम उलटा भरला गेला आहे.

याचा उपाय घाईने होत नाही. आधारवरचे नाव साधारणतः आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख एकदाच. म्हणून आधी घरात बसून ठरवावे: शाळेचा दाखला, पासपोर्ट किंवा जन्माचा दाखला यांपैकी जो कागद सर्वांत पक्का, त्याचेच स्पेलिंग आणि त्याचाच क्रम सगळीकडे चालवायचा. ते एका कागदावर ठळक लिहून आधार, पॅन आणि बँक या क्रमाने दुरुस्ती करावी. शाळेत नवे नाव घालणाऱ्या लेकरांच्या बाबतीत तर पहिल्याच दिवशी हे काम करावे. पुढची शिष्यवृत्ती, पासपोर्ट, नोकरी सगळे त्या एका स्पेलिंगवर उभे राहणार असते.

याच ढिगात दोन शब्द जुळ्या भावांसारखे आहेत: 'आधार लिंक' आणि 'आधार सीडिंग'. लिंक म्हणजे बँकेने ओळखीसाठी आधार नोंदवले. सीडिंग म्हणजे सरकारी पैसा कोणत्या खात्यात टाकायचा, याची नोंद देशाच्या एका सामाईक नोंदवहीत झाली. ही नोंदवही नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ठेवते. एका आधारापुढे त्यात एकच बँक असते, शेवटी ज्या बँकेत सीडिंग केले ती. 2024 मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये कितीतरी भगिनी एका खात्यात शोधत असतात आणि ते दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यात जमा होत असतात. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिले की कोणती बँक ते कळते. त्यासाठी एजंटाला पैसे द्यायची गरज नाही.

तिसरा ढीग : किल्ली

पिन, ओटीपी, पासवर्ड, कार्डामागचे तीन आकडी सीव्हीव्ही आणि बोटाचा ठसा या किल्ल्या आहेत. किल्ली कोणालाच द्यायची नाही. बँकेच्या साहेबाला नाही, पोलिसाला नाही, जावयाला नाही. बँकेला आपली किल्ली लागतच नाही, म्हणून ती मागणारा बँकेचा असूच शकत नाही.

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. त्या संदेशात नुसता आकडा नसतो. कशासाठी आणि किती रुपयांसाठी, हेही पुष्कळदा लिहिलेले असते. आपण आकडा वाचतो आणि वाक्य सोडून देतो. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला सांगा: आधी वाक्य मोठ्याने वाचायचे, मग आकड्याकडे पाहायचे.

यूपीआयचा नियम एका ओळीत मावतो: पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही. शिल्लक पाहायलाही तो लागतो, पण पैसे मिळवायला लागत नाही. जुने कपाट विकायला काढले आणि घेणारा म्हणाला, "हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील," तर तो पैसे नेणार आहे.

अंगठ्याचे प्रकरण वेगळे. गावोगावी छोट्या यंत्रावर आधार आणि अंगठा देऊन पैसे काढता येतात. म्हाताऱ्या माणसांना ही मोठी सोय आहे. पण "ठसा नीट उमटला नाही, पुन्हा लावा" असे कोणी म्हटले, तर आधीच्या व्यवहाराचे काय झाले ते विचारावे आणि पावती घ्यावी. एम-आधार या ॲपमध्ये बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते. रेशनच्या दुकानात जाण्यापूर्वी ते उघडायचे आणि घरी आल्यावर परत लावायचे.

'एपीके' हा शब्दही ओळखून ठेवा. फोनमध्ये नवे ॲप बसवणाऱ्या फाइलीच्या नावाशेवटी तो असतो. शादीचा दावतनामा, वाहनाचा दंड, बँकेची सूचना अशा नावांनी ही फाइल व्हॉट्सॲपवर येते. दावतनामा चित्र असेल किंवा पीडीएफ असेल, तो एपीके कधीच नसतो. अशी फाइल उघडली की आपले संदेश, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतात.

'एन्क्रिप्शन' म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणे. संकेतस्थळाच्या पत्त्यापाशी दिसणारे छोटे कुलूप एवढेच सांगते, की वाटेत कोणी डोकावणार नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की लबाड, हे ते सांगत नाही. म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना स्वतंत्र आडनाव दिले: 'डॉट बँक डॉट इन'. सगळ्या बँकांनी 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत त्यावर जायचे होते. पत्त्याच्या शेवटी ते नाव आहे का, हे पाहायची सवय लावावी.

मुकुंदनगर असो की श्रीरामपूर, संगमनेर असो की जामखेड, आपल्या कितीतरी घरांत आईचा पिन मुलाला, बहिणीचा भावाला आणि दादीचा ऑनलाइन सेंटरवाल्याला ठाऊक असतो. "आपलाच माणूस आहे, विश्वास आहे," असे म्हटले जाते. विश्वासाबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण किल्ली दुसऱ्याकडे असली की हिशेबही दुसऱ्याकडे जातो. मग आपल्याच पैशातून लेकीला ईदी द्यायची तर विचारून द्यावी लागते. खाते बाईच्या नावाचे असेल, तर चार आकडेही तिच्याच डोक्यात असावेत. चार आकडे लक्षात ठेवणे कठीण नाही. आपल्या आयांनी दहा घरांचे हिशेब तोंडपाठ ठेवले आहेत.

किल्ली गेलीच तर

घाबरून गप्प बसणे हे सर्वांत मोठे नुकसान. लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवून खाते किंवा कार्ड थांबवावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. व्यवहाराचा 'यूटीआर' किंवा संदर्भ क्रमांक सोबत ठेवावा. हरवलेल्या पार्सलची जशी पावती, तसा हरवलेल्या पैशाचा हा क्रमांक.

रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकांनी खातेदाराची जबाबदारी ठरवून दिली आहे. सहकारी बँकांसाठीही तसे परिपत्रक त्याच वर्षी निघाले. चूक बँकेची नाही, आपलीही नाही, मधल्याच कोणी पैसे काढले, आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले, तर आपल्यावर एक रुपयाचाही भार नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर भार ठरावीक मर्यादेपर्यंत. किल्ली आपणच दिली असेल, तर कळवण्याआधीचे नुकसान आपले आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून दिवस मोजावेत आणि लेखी द्यावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी क्रमांक 14448.

आणखी दोन शब्द आपल्या जिल्ह्यात विसरून चालणार नाहीत: 'बँक' आणि 'पतसंस्था'. परवानाधारक बँकेतल्या ठेवीला 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी रद्द केला, तेव्हा ठेवीदारांना हा विमा म्हणजे काय ते कळले. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागू नाही, मग तिचे कार्यालय कितीही चकचकीत असो आणि मोबाइल ॲप कितीही सुंदर असो. लेकीच्या शादीसाठी ठेवलेली रक्कम जास्त व्याजाच्या दराकडे पाहून टाकण्याआधी हा एक प्रश्न विचारावा: ठेव विमा आहे का? उत्तर लेखी मागावे.

या महिन्यात एक काम करा. एका वहीची तीन पाने घ्या. पहिल्यावर घरातल्या सगळ्यांचे पत्ते लिहा: खाते क्रमांक, आयएफएससी, शाखेचा फोन. दुसऱ्यावर प्रत्येकाचे नाव, एकाच स्पेलिंगमध्ये आणि एकाच क्रमात. तिसऱ्या पानावर फक्त 1930 लिहा आणि बाकीचे पान कोरे ठेवा. किल्ल्या वहीत लिहायच्या नसतात. ते कोरे पान पाहून घरातले लहान मूल विचारेल, "यावर काही का नाही?" तेव्हा त्याला पिन, ओटीपी आणि अंगठा हे तीन शब्द समजावून सांगा.